सरासरीची चार झाडं

ग्लेनिस गेली त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या क्लाइव्हने मला कुंपणावरून सांगितलं की मी आता गुन्हेगार झालो आहे.

सांगितलं मात्र फार हळुवारपणे. आधी उकाड्याबद्दल बोलला. मग अंत्यविधीला तुझ्या मेव्हणीने पियानो छान वाजवला म्हणाला. मग माझ्या मागच्या अंगणाकडे बराच वेळ बघत राहिला आणि घसा साफ करून म्हणाला, "नेव्हिल, वेळ वाईट आहे, मला कळतं. पण तिथे चार कुंड्या आहेत."

"आहेत," मी म्हणालो.

"आणि घरात माणसं किती?"

क्लाइव्हने कुंपणाच्या फळीवरचा एक खिळा बोटाने दाबून बघितला. खिळा घट्टच होता.

आमच्याकडे कॅनबेरात कायदा असा आहे की मोठ्या माणसाने आपल्या राहत्या घरी, उघड्यावर, गांजाची दोन झाडं लावलेली चालतात. माणशी दोन, आणि घरात माणसं कितीही असली तरी चारच्या वर नाही. लावा, वापरा, पण विकायचं नाही. कुणाला द्यायचंही नाही, अगदी फुकटसुद्धा. बी देणं हाही गुन्हाच. म्हणजे झाड कायदेशीर, पण ते आभाळातून थेट कुंडीत पडलं पाहिजे. आमची चार तशीच पडली. ग्लेनिस गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या मंडळात जायची, त्या दिशेने कुठूनतरी पडली. मी चौकशी केली नाही. त्या बायकांना उगाच प्रश्न विचारलेले आवडत नाहीत.

दोन तिची, दोन माझी. माझी नावालाच. पाणी तीच घालायची, किडे तीच वेचायची. मी फक्त माणूस म्हणून मोजला जात होतो. आता मोजायला मी एकटा उरलो होतो आणि कुंड्या चारच होत्या.

क्लाइव्ह नोकरीत होता तेव्हा कायदे खात्यात होता. आमच्या गल्लीत प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या खात्यातून निवृत्त झालेला आहे. मी एकटा बस चालवायचो. सकाळी या सगळ्यांना कचेरीत सोडायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, यात माझी उमर गेली. त्यामुळे सरकार म्हटलं की मला मागून दिसणाऱ्या छत्र्या आणि जेवणाचे डबे आठवतात. पण एक सांगतो, एवढ्या नोकरीत माझ्याविरुद्ध एकदाही काही नोंदवलं गेलं नाही. एका बाईने काच पुसणाऱ्या दांडीचा आवाज येतो अशी तक्रार केली होती, पण ती दांडीविरुद्ध होती.

या झाडांच्या जातीबद्दल सांगायला हवं, कारण ऐकणाऱ्याला वाटतं आमच्या घरात काहीतरी भयंकर चाललं होतं. गांजाची दोन मोठी गोत्रं आहेत. एक माणसाला खुर्चीत रुतवतं, दुसरं त्याला खुर्चीतून उठवून जगाचे प्रश्न सोडवायला लावतं. आमची जात या दोघांच्या संकरातली, दोन्हीकडचं अर्धं अर्धं घेतलेली, आणि जोरही मध्यमच. तिचं खरं नाव काहीतरी संत्र्याचं आणि विजेचं मिळून होतं, या जातींना नावं देणारी पोरं वेगळीच असतात. ग्लेनिस जन्मभर आकडेवारीच्या खात्यात होती. तिने नाव ठेवलं सरासरी.

दुखणं वाढलं तेव्हा मंडळातल्या बायका म्हणाल्या होत्या, जोरदार काहीतरी लाव. ग्लेनिस मला म्हणाली, "नेव्हिल, मला उडायचं नाही आणि झोपायचंही नाही. मला नुसतं बसायचंय. पूर्वी बसायचे तशी." मग ती लोण्यातून थोडी सरासरी टोस्टला लावून घ्यायची आणि मागच्या दारात बसायची. बसायची म्हणजे खरोखरच पूर्वीसारखी. कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर शेरे मारायची.

मीही एकदा घेऊन बघितली. मला बुधवारी दुपारी तीन वाजता वाटतं तसं वाटलं. ना आठवड्याची सुरुवात, ना शेवट. मी उठून पन्हळ साफ केली. ग्लेनिस म्हणाली, हाच परिणाम.

तर क्लाइव्हने सांगितल्यावर मी आत आलो आणि दोन झाडं उपटायची म्हणून हातमोजे घातले. मग काढले. त्या दिवसांत मी सगळीकडे तिचं नाव काढत फिरत होतो. वीज, बँक, वाचनालय, औषधाच्या दुकानातलं सभासदत्व. प्रत्येक ठिकाणी एखादी मुलगी म्हणायची, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत, आणि बटणांचा टकटक आवाज यायचा, आणि ग्लेनिस तिथून नाहीशी व्हायची. वाचनालयातून नाहीशी होताना तिच्याकडे एक पुस्तक होतं ते मलाच परत करायला सांगितलं. मागच्या अंगणात मात्र तिचा वाटा अजून उभा होता, चांगला छातीएवढा. तो मी माझ्या हाताने काढणार नव्हतो. निदान तोडणीपर्यंत तरी नाही. तोडणी शरद लागला की, म्हणजे आमच्या उलट्या गोलार्धात ईस्टरच्या सुमारास. तेवढंच मला हवं होतं, तिची दोन झाडं तिने सुरू केलेल्या कामाच्या शेवटापर्यंत पोचावीत.

मी सरकारी मदतीच्या फोनवर फोन केला. मला वाटलं, खरं सांगावं आणि मुदत मागावी. बसचा परवाना संपतो तेव्हा मुदत मिळते.

"माझी बायको गेली," मी म्हणालो. "घरात चार झाडं आहेत."

"आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत, सर. झाडं पडण्याच्या बेतात आहेत का?"

"नाही, चांगली आहेत. गांजाची आहेत."

फोनवरच्या मुलीने मला आरोग्य खात्याकडे पाठवलं. आरोग्याने विचारलं की माझ्या मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का. मी म्हणालो, आत्तापर्यंत नव्हते. त्यांनी मला न्यायाकडे पाठवलं. न्यायातल्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही हे मला सांगितलंच नाही असं आपण धरू या का?"

"पण मी सांगितलं आहे."

"हो. म्हणून विचारतोय."

मी म्हणालो, मला तसं धरायचं नाही, मला मुदत हवी आहे. तो म्हणाला मुदत देणारं कुणी नाही, कारण मुदत मागणारं आजवर कुणी आलं नाही. आवाजावरून भला माणूस वाटला. मला त्याचं वाईट वाटलं.

हे मी क्लाइव्हला सांगायला नको होतं. नियमात मोकळी जागा दिसली की त्याचं मोकळं अंगण दिसलेल्या कुत्र्यासारखं होतं. शनिवारी सकाळी त्याने आपल्या गॅरेजमध्ये बैठक बोलावली. कॅनबेरातली माणसं आग लागली तरी आधी बैठक बोलावतात, आणि चहाला कोण काय आणणार हे ठरवतात. गल्लीतली चार डोकी आली. समोरची झ्लाट्का आली, तिच्या हातात टोमॅटोंची टोपली होती. ती क्रोएशियातून लहानपणी आलेली, पीकसंरक्षण खात्यात होती, आणि बैठकांचा तिला मनस्वी कंटाळा आहे. क्लाइव्हची बायको व्हॅल टिपणं घेत होती.

"विषय पहिला," क्लाइव्ह म्हणाला, "नेव्हिलची परिस्थिती."

"विषय दुसरा काय आहे?" कुणीतरी विचारलं.

"कचऱ्याचे डबे."

आपल्याच आजाराबद्दल डॉक्टर बोलत असताना माणसं बसतात तसा मी तिथे बसलो होतो. पहिली सूचना, दोन झाडं झ्लाट्काकडे ठेवावीत. क्लाइव्ह म्हणाला, अशक्य. कुंपण ओलांडलं की पुरवठा झाला. नेव्हिल पुरवठादार होईल. सगळ्यांनी माझ्याकडे पुरवठादार म्हणून बघितलं. दुसरी सूचना, दोन झाडं मेल्यासारखी दिसतील असं काहीतरी करावं. यावर बराच ऊहापोह झाला आणि व्हॅलने विचारलं की मेल्यासारखी हे टिपणात कसं लिहायचं. तिसरी क्लाइव्हची स्वतःची होती, आणि ती त्याने शेवटपर्यंत राखून ठेवली होती.

"माणशी दोन," तो म्हणाला. "झाडं जास्त नाहीत, नेव्हिल. माणूस कमी आहे."

व्हॅलचं पेन थांबलं. क्लाइव्हच्याही लक्षात आलं असावं, कारण त्याचे कान लाल झाले. "कायद्याच्या भाषेत म्हणतोय मी," तो म्हणाला. "कुणीतरी मोठं माणूस तुझ्याकडे राहायला आलं, तर चार चालतात."

मग कुंड्या नेमक्या कुठे आहेत, रस्त्यावरून दिसतात का, त्या हलवाव्यात का, हे बघायला उपसमिती नेमायची असं ठरू लागलं. उपसमितीत कोण असावं यावर वेळ गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की झ्लाट्काची खुर्ची रिकामी आहे.

ती माझ्या अंगणात होती. कोपरापर्यंत मातीत. तिने चारही झाडं जुन्या कुंड्यांतून काढून मोठ्या कुंड्यांत लावली होती, तिच्या कोंबड्यांचं खत घातलं होतं, आणि उंचीप्रमाणे भिंतीलगत ओळीत मांडली होती, ऊन लागेल अशी.

"मुळं कोंडली होती बिचाऱ्यांची," ती म्हणाली. "ते तिकडे बोलत बसलेत. मी म्हटलं, तोवर करून टाकू."

"झ्लाट्का," मी म्हणालो, "यातली ग्लेनिसची कुठली?"

तिने झाडांकडे बघितलं, मग जुन्या कुंड्यांच्या ढिगाकडे, मग माझ्याकडे. ग्लेनिसची पायरीच्या डावीकडे असायची, माझी उजवीकडे. आम्हाला खूण कधी लागलीच नव्हती. आणि जात पडली सरासरी. एकही झाड दुसऱ्यापेक्षा ठळक नाही.

"माफ कर," झ्लाट्का म्हणाली. ती सहसा म्हणत नाही. मग ती पायरीवर बसली आणि मला एक टोमॅटो दिला. मी तो खाल्ला. दुसरं काय करणार होतो.

आता दोन उपटायची झाली असती तरी मला उपटता आली नसती. चारांतलं कुठलंही तिचं असू शकत होतं. त्यामुळे क्लाइव्हची तिसरी सूचना, जी मी सभ्यपणे नाकारणार होतो, तिला माझ्याकडे उत्तर उरलं नाही. मी फक्त एवढंच म्हणालो की माझ्या ओळखीचं असं कुणी नाही. ते क्लाइव्हला आव्हान वाटलं. त्याने माझी मेव्हणी कोरल हिला फोन केला.

कोरल क्वीनबियनला राहते. कॅनबेरापासून ते गाडीने पाव तासावर, पण मध्ये राज्याची हद्द आहे, आणि हद्दीपलीकडे यातलं एक पानसुद्धा चालत नाही. कोरलला हद्द मनापासून मान्य होती. ती चर्चमध्ये पियानो वाजवते, आणि ग्लेनिसने सरासरी लावली तेव्हा ती सहा महिने आमच्याकडे मागच्या दाराने आली नव्हती, पुढच्याच दाराने यायची आणि पुढच्याच खोलीत बसायची. अशी ही कोरल सोमवारी बॅग, स्वतःची उशी आणि चेहऱ्यावर न्यायाधीशाचे भाव घेऊन दारात उभी राहिली.

"मी त्या झाडांसाठी आलेली नाही," ती म्हणाली. "एवढं लक्षात ठेव."

"मग?"

"माझ्या बहिणीचा नवरा तुरुंगात गेला तर चर्चमध्ये मी काय सांगू, म्हणून आलेय."

"तुरुंगात नाही टाकत यासाठी. फार तर दंड."

"दंड झाला तरी मला सांगावंच लागेल. मी खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे."

माहीत होतं. आमच्या लग्नात माझा सूट कसा दिसतो असं मी तिला विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लाइव्ह एक बारकी शंका घेऊन आला. नुसतं राहून भागणार नाही, दोन झाडं कोरलची असायला हवीत. म्हणजे तिने ती वाढवायला हवीत. नाहीतर ती सगळी माझीच ठरतात आणि कोरल ही नुसती जेवायला असलेली बाई ठरते. कोरल म्हणाली, "मी त्या वस्तूला हात लावणार नाही." तिने भांडी घासायचे पिवळे मोजे घातले आणि डावीकडच्या दोन कुंड्यांना पाणी घातलं. तोंड दुसरीकडे करून. निम्मं पाणी पायरीवर गेलं.

आठवडाभरात मात्र तिचं तोंड इकडे वळलं. एका सकाळी मी खिडकीतून ऐकलं, ती झाडाला म्हणत होती, "सरळ उभं राहायला काय होतं तुला? शेजारचं बघ." मग तिने रेडिओ बाहेर नेला, भक्तिगीतांचा कार्यक्रम असायचा तो लावायला. मग झ्लाट्काकडून कोंबडीखत आणलं, फक्त दोन कुंड्यांपुरतं. "तुझी दोन जरा मरगळलेली दिसतात, नेव्हिल," ती जेवताना म्हणायची. "तू त्यांच्याकडे लक्ष देत नाहीस." माझी दोन खरंच मरगळलेली होती. एकाच अंगणात, एकाच भिंतीला. मला त्याचा अपमान वाटायला लागला. मी गुपचूप रेडिओ माझ्या बाजूला सरकवायचो आणि ती परत सरकवायची.

एक दिवस ती म्हणाली, "माझी दोन आता फुलोऱ्यावर आलीत."

"तुझी नाहीत ती," मी म्हणालो.

तिने चमचा खाली ठेवला.

"चारांतली दोन ग्लेनिसची आहेत. कुठली ते माहीत नाही, पण आहेत. तू आणि मी फक्त मोजायला आहोत."

"नेव्हिल, ग्लेनिस गेली."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे, पण तू तसं म्हणत नाहीस. आज बरा महिना झाला, मी इथे राहतेय, एकदाही म्हणाला नाहीस. बँकेला सांगितलंस, वाचनालयाला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. मला फोन इस्पितळातल्या नर्सने केला."

मी ताटातला मटार बघत राहिलो. मटार कोरल नेहमी जास्त शिजवते. मग ती उठली आणि पुढच्या खोलीत जाऊन बसली, जिथे ती पूर्वी बसायची. दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त रेडिओमार्फत बोललो. म्हणजे तिने तो लावायचा आणि मी बंद करायचा.

तिसऱ्या दिवशी तिच्या चर्चचे धर्मगुरू चहाला येणार होते, आणि त्यांना मागचं अंगण बघायची आवड होती. आता कोरल खोटं बोलत नाही, पण झाकणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे असं तिने ठरवलं. तिने पाहुण्यांसाठी ठेवलेल्या चार पांढऱ्या चादरी घेतल्या, चारही झाडांना डोक्यापासून कुंडीपर्यंत पांघरल्या, आणि मधोमध माझे चार कमरेचे पट्टे बांधले. त्यात एक माझा बसच्या गणवेशाचा होता. धर्मगुरूंनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि विचारलं, "ते काय आहे?" कोरल म्हणाली, "चादरी." त्यांनी मान डोलावली आणि केकचा आणखी एक तुकडा उचलला.

ते गेल्यावर वारा सुटला. आमच्या पाठीमागच्या घरात नुकताच एक तरुण भाडेकरू आला होता. त्याने कुंपणावरून जे बघितलं ते असं. चार माणसांएवढ्या पांढऱ्या आकृत्या, कमरेला पट्टे बांधलेल्या, भिंतीपाशी ओळीने उभ्या, डोलतायत. त्यांच्यासमोर पिवळे मोजे घातलेली एक म्हातारी, बोट नाचवत म्हणतेय, "आता जरा गप्प उभे राहा सगळे." त्याने पोलिसांना फोन केला. त्याच्या जागी मी असतो तर मीही केला असता.

पोलिसांतर्फे एक तरुण कॉन्स्टेबल आली, हॅना नावाची. तिने एका चादरीचं टोक उचलून आत बघितलं आणि परत सोडलं. तिच्या चेहऱ्यावर हसू येऊ नये म्हणून ती फार कष्ट घेत होती. तोवर क्लाइव्ह कुंपणावरून अर्धा आत आला होता.

"कॉन्स्टेबल, मी खुलासा करू शकतो," तो म्हणाला. "या विषयावर बैठक झालेली आहे."

"आपण कोण?"

"शेजारी. कायदे खात्यातून निवृत्त."

"मग तुम्ही जरा कुंपणाच्या तिकडेच उभे राहा, सर," ती म्हणाली. क्लाइव्ह तिकडे उभा राहिला, पण असा की सगळं ऐकू येईल.

आम्ही पायरीपाशी आलो. हॅनाने वही काढली, मग परत खिशात ठेवली. "चार झाडं. ठीक आहे. मला फक्त एवढंच सांगा, या घरात कोण कोण राहतं?"

कोरल माझ्या शेजारी उभी होती. मोजे अजून हातात. मला तिच्याकडे न बघताही कळलं की ती श्वास भरून घेतेय. तिचं क्वीनबियनचं घर होतं तसं होतं, दर रविवारी ती तिकडे जाऊन झाडून यायची, तिची पत्रं तिथे यायची, आणि ईस्टर झालं की बॅग भरायची असं ती रोज म्हणायची. ती इथे राहत नव्हती. तिलाही माहीत होतं. मला एवढंच करायचं होतं की गप्प बसायचं.

"मी," कोरल म्हणाली, "मी इथे..."

या बाईने माझ्या लग्नात माझ्या सूटबद्दल खरं सांगितलं होतं. त्या दिवशी दुसरं कुणी सांगितलं नव्हतं. ती आता माझ्या अंगणात उभी राहून, पोलिसांसमोर, दोन कुंड्यांसाठी, आयुष्यातलं पहिलं खोटं बोलायला निघाली होती. आणि तिच्या हनुवटीला जे व्हायला लागलं होतं ते मी ग्लेनिसच्या हनुवटीला होताना बघितलेलं होतं. दोघी बहिणी रडायच्या आधी सारख्याच दिसतात.

"ती पाहुणी आहे," मी म्हणालो. "माझी बायको फेब्रुवारीत गेली. इथे मी एकटा राहतो."

कुंपणापलीकडे क्लाइव्हने टोपी काढली. का ते मला कळलं नाही, पण काढली.

"वाईट झालं," हॅना म्हणाली. हे ती टकटक न करता म्हणाली. मग जरा थांबून, "मग माणशी दोन. मी काही लिहून घेत नाही. पण मी आत्ता बघितलंय, तर मी जाईपर्यंत दोन व्हायला हवीत. चालेल?"

"चालेल."

"कुठली ठेवायची ते तुम्ही ठरवा. मी पुढे गाडीपाशी थांबते."

आम्ही चादरी काढल्या. चारही झाडं तशीच होती, एकसारखी, समंजस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. काहीतरी कळेल असं मला वाटत होतं, एखादं पान हलेल, वास वेगळा येईल. काही कळलं नाही. वास चारांनाही सारखाच येत होता, उग्र, ओल्या गवतासारखा. मी कोरलला म्हणालो, "तू सांग."

"मी नाही सांगणार."

"मग?"

"मला विचारू नकोस, नेव्हिल."

मी मधली दोन उपटली. मुळं झ्लाट्काच्या खतात चांगली धरली होती, पाय लावून ओढावं लागलं. दुसऱ्याच्या वेळी मी मागे पडलो, पायरीवर बसलो, आणि झाड मांडीवर आलं. कोरलने मला उठवायला हात दिला, मोजा काढून. मग तिने झाडाच्या बुंध्याची माती बोटांनी झटकली, नीट, चिरायच्या आधी भाजीची झटकतात तशी. त्या वस्तूला मोजे न घालता तिने पहिल्यांदाच हात लावला होता.

हॅनाने दोन्ही झाडं पोत्यात घालून गाडीत ठेवली. एक फांदी बाहेर राहिली होती, ती तिने आत वाकवली. गाडी गेली. क्लाइव्ह कुंपणावरून म्हणाला, "नेव्हिल, हे टिपणात घ्यायचं का?" व्हॅलने त्याला आत बोलावलं.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. कोरल हात धूत होती, बराच वेळ.

"मी हो म्हणणार होते," ती पाठमोरी म्हणाली.

"माहीत आहे."

"मग का मध्ये बोललास? राहिली असती चारही."

"तुला खोटं बोलायला लावलं असं कळलं असतं तर ग्लेनिसने मला उपटलं असतं."

ती हसली. मग हसता हसता नळाखाली चेहरा धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मी उठून रेडिओ तिच्या बाजूला सरकवला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही.

"ती त्या मधल्या दोनांत असेल का रे?" तिने चेहरा पुसत विचारलं.

"कोण जाणे. एक तिचं एक माझं असंही असेल."

"तसंच असेल," कोरल म्हणाली. "सरासरीने तसंच येतं."

मग ती आत गेली आणि मला बॅगेची चेन ओढल्याचा आवाज ऐकू आला. थोड्या वेळाने ती बॅग घेऊन दारात आली, उशी काखेत. तिचंही बरोबर होतं. पोलिसांसमोर ठरलं होतं की ती इथे राहत नाही, आणि आता घरात माणसं आणि झाडं यांचा मेळ बसला होता. तिला थांबवायला माझ्याकडे कायद्यातलं काहीच उरलं नव्हतं.

"निघते मग," ती म्हणाली. "पाच वाजताची बस आहे."

"पाहुणी आहेस ना," मी म्हणालो. "जेवून जा. सातचीही आहे."

तिने बॅग खाली ठेवली. उशी मात्र काखेतच होती.

"काय आहे जेवायला?"

मला माहीत नव्हतं. इतके दिवस स्वयंपाक तीच करत होती. मी फ्रिज उघडून आत बघत उभा राहिलो.